परत करायचे फोटो

माझ्या आईच्या बिस्किटाच्या डब्यात एक पाकीट होतं. त्यात माझ्या मोठ्या बहिणीचे लग्नाआधीचे फोटो. स्टुडिओत काढलेले, मागं रंगवलेला धबधबा, पुढं बहीण तोंड शिवल्यासारखी उभी. हे फोटो स्थळांकडं फिरून परत आलेले होते. आमच्याकडं रीतच तशी होती. जमलं नाही तर फोटो परत करायचा, तोही पोस्टानं नाही, बाजाराला येणाऱ्या कोणाच्या तरी हातानं. पाकीट दारात आलं की आई फोटो काढून पदरानं पुसायची आणि डब्यात ठेवून द्यायची. फोटो घरात आला म्हणजे विषय मिटला. मग त्या लोकांशी कुठं लग्नाकार्यात गाठ पडली तरी कोणाला खाली पाहावं लागत नव्हतं.

माझी पाळी आली तोवर घराघरांत फोन आले होते. आणि फोनमधून गेलेला फोटो कोणी परत करत नाही. कसा करणार बापा? दिला तरी त्याच्याजवळ राहतोच.

माझा फोटो काढताना बाबांनी मला चश्मा काढायला लावला. चश्मेवाली पोरगी म्हटलं की लोक पत्रिकेआधी नंबर विचारतात, असं त्यांचं म्हणणं. अमरावतीच्या आत्याचं हिरवं पातळ नेसवलं, स्टुडिओवाल्यानं तोंडाला पावडर थापली. चश्म्याशिवाय मला कॅमेरा कुठं आहे तेच दिसेना, म्हणून फोटोत माझी नजर भलतीकडंच लागलेली. पाहून मी म्हटलं, ही कोण बाई आहे? बाबा म्हणाले, चांगली दिसून राहिली, चूप बस. आत्या तेव्हा घरी आलेलीच होती, मग तो फोटो बाबांच्या फोनमधून ब्लूटूथनं तिच्या फोनमध्ये गेला. आत्या म्हणजे चालतंबोलतं वधूवर मंडळ. तिच्याकडून तो कोणाकोणाकडं गेला ते तिलाही सांगता आलं नसतं.

तेव्हा मी अकोल्यात बसस्टँडच्या मागं एका मोबाईलच्या दुकानात कामाला होते. दुकान एका चाचांचं. आधी ते घड्याळं दुरुस्त करायचे, मग घड्याळं बंद पडली आणि फोन सुरू झाले. मला बेटी म्हणायचे आणि पगार वेळेवर द्यायचे, त्यामुळं बाबांची काही तक्रार नव्हती. नवे फोन घ्यायला लोक मोठ्या रस्त्यावरच्या चकचकीत दुकानांत जायचे. आमच्याकडं यायचे ते जुने टच फोनवाले. पुण्यातल्या पुतण्यानं वापरून फेकलेला, शहरात कोणाला नको झालेला, असा फोन खेड्यात येऊन नवा व्हायचा.

त्या फोनांचं एक झंगट होतं. फाईल पाहायला कंपनीनं जे काही दिलेलं असायचं, ते सळईसारख्या काडीनं टोचायच्या काळातलं. ओळी इतक्या बारीक की बोट एका ओळीवर ठेवावं तर खालचीच उघडायची. शहरातल्या बोटांना जमत नव्हतं, तर कापूस वेचून फाटलेल्या बोटांना काय जमणार? मोठ्या चौकटीचे, बोटाला जागा देणारे फाईल एक्सप्लोरर फुकटात मिळायचे, पण फुकटाची खोड वेगळी. एकाच्या बुडाशी जाहिरात चिकटलेली, मागं जायला बोट लावलं की जाहिरातच उघडायची. दुसरा म्हणायचा, तुमचा फोन जुना आहे, मी चालत नाही. अरे, जुना आहे म्हणूनच तर तुला शोधून राहिलो ना आम्ही! शेवटी मला एक सापडला. फोल्डर पोळीएवढे, मागं जायचा बाण ठसठशीत, निवडलेल्या फाईलवर हिरवी खूण. त्याचीही नवी आवृत्ती जुन्या फोनवर चालत नव्हती, म्हणून मी जुनी आवृत्तीच मेमरी कार्डात जपून ठेवली होती आणि येईल त्याच्या फोनमध्ये टाकून द्यायचे.

लोकांना मी सांगायचे, गॅलरी म्हणजे घराची बैठक. पाहुण्याला दिसतं तेवढंच तिथं. हे ॲप तुम्हाला पार मागच्या कोठीपर्यंत नेतं. मग मी त्यांच्यादेखत एकेक फोल्डर उघडून दाखवायचे आणि लोक तोंडात बोट घालायचे, कारण ज्या गोष्टी गेल्या म्हणून समजले होते त्या तिथं कोपऱ्यात पडलेल्या असायच्या.

एक दिवस वरुडहून संत्र्याची गाडी घेऊन आलेला एक ड्रायव्हर फोन घेऊन आला. फोन भरला होता, काही नवीन मावत नव्हतं. मी ॲप टाकलं, ब्लूटूथचं फोल्डर उघडलं. त्यात सिनेमातल्या बायांचे फोटो, एक देवीचा, एक संत्र्याच्या ट्रकचा, आणि मी. हिरव्या पातळात, नजर भलतीकडं. माझ्या तर अंगाची लाही लाही झाली. हे कोण, असं मी जमेल तितक्या शांतपणे विचारलं. तो म्हणाला, माहीत नाही, साळ्यानं पाठवला होता, कोणाचं तरी स्थळ आलं होतं म्हणे. समोर मी उभी, आणि त्याला पत्ता नाही. जागा कमी आहे, फालतू फोटो काढू का, असं विचारून मी पहिल्यांदा स्वतःला काढलं.

त्या दिवसापासून माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही. येईल त्या फोनमध्ये माझी नजर हिरवं पातळ शोधायची. घास तोंडात असायचा आणि डोक्यात चालायचं, आत्ता या घटकेला मी कोणाच्या खिशात आहे? धारणीच्या जीपमध्ये, जिनिंगच्या रांगेत, पानठेल्यावर? कोणी रस्त्यात जरा रोखून पाहिलं की वाटायचं, याच्याकडं असेल. आईला सांगितलं तर ती म्हणाली, फोटोच आहे ना, झिजते का तू? झिजत नव्हते, पण चैन पडत नव्हतं. बहिणीचे फोटो तरी डब्यात होते. माझे सगळे बाहेर होते.

घरी स्थळांचं चालूच होतं, पण मला कळायचं ते फक्त पाहुणे यायच्या दिवशी. पाहुणे यायचे तेही सगळे नोकरीवाले, नाहीतर नोकरी लागायच्या बेतात असलेले. शेती करणाऱ्या पोराला त्या वर्षांत आमच्याकडं कोणी पोरगी देत नव्हतं. जे स्वतः शेतकरी तेही देत नव्हते. बाबांनी तर आपली शेती केव्हाच दुसऱ्याला ठोक्यानं कसायला देऊन टाकली होती आणि अकोल्यात कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसत होते. सकाळी पेपर आला की ते जिल्ह्याचं पान उघडायचे, कोणत्या गावचा, कोणत्या वयाचा, एवढं वाचायचे आणि पान उलटायचे. उलटताना एकदा माझ्याकडं पाहायचे. मी तेव्हा समजायचे की चहा हवा असेल.

मग तो आला. दुपारची वेळ होती, चाचा नमाजला गेले होते, दुकानात मी एकटी. तेल्हाऱ्याकडचा शेतकरी, तिशी ओलांडलेला, उंच, खांद्यावर दुपट्टा. फोन रुमालात बांधून आणला होता. काचेवर चरे पडलेले, आवाजाच्या जाळीत काळी माती जाऊन बसलेली. बोलायला असा उगामुगा की प्रत्येक शब्द ओढून काढावा लागत होता. त्याचं म्हणणं एवढंच, की काही फोटो मिटवायचे आहेत, पण बोट लागत नाही, एखादं मोठ्या अक्षरांचं, बोटानं चालणारं, फुकटाचं काही असेल तर टाकून द्या. बायको घरात यायच्या आधी व्हायला पाहिजे, असंही तो म्हणाला. मी मनात म्हटलं, आला आणखी एक.

ॲप टाकलं. मेमरी कार्ड उघडलं. त्यात इंग्रजी अक्षरांत ‘परत’ नावाचं एक फोल्डर होतं. फोनमध्ये असं मुद्दाम नाव देऊन फोल्डर करणारा शेतकरी मी पाहिला नव्हता. उघडलं तर आत नुसत्या पोरी. साडीतल्या, ड्रेसमधल्या, कुंडीजवळ उभ्या, झोपाळ्यावर बसलेल्या. सगळ्या तशाच तोंड शिवलेल्या. आणि खालच्या ओळीत मी.

माझं डोकं असं तापलं की फोन त्याच्या अंगावर फेकावा वाटला. पोरींचा साठा करून ठेवतो आणि आता बायको येणार म्हणून कोठी साफ करतो! मी चढ्या आवाजात विचारलं, हे काय आहे, कोणाच्या पोरी आहेत ह्या? तो दचकला. मग मान खाली घालून म्हणाला, “स्थळं आल्ती. जमलं नाही. कागदाचे असते तं पाकिटात घालून धाडले असते. हे कसे परत कराचे, कोनी सांगेच ना. म्हून बटनाच्या फोनात होते तवाच एका जागी ठेवले, कार्ड तेच हाये. कोनाले दाखोले नाहीत.”

माझ्या आईचा डबा आणि याचं फोल्डर, एकच गोष्ट. फक्त ह्याच्याकडून पाकीट कोणाच्या दारात जाऊ शकत नव्हतं. आता त्याचं तेल्हाऱ्याकडंच जमलं होतं, पुढच्या महिन्यात लग्न होतं, आणि दुसऱ्याच्या पोरी आपल्या घरात आपल्या बायकोनं पाहू नयेत, त्या पोरींसाठीही ते बरं नाही, म्हणून तो मिटवायला आला होता. एवढी साधी गोष्ट करायला तो एस्टीनं अकोल्याला आला होता.

मला तेव्हाच मुकाट्यानं काम करून त्याला लावून द्यायला पाहिजे होतं. पण जीव राहीना. चश्मा मी नाकावर नीट बसवला, हिरव्या पातळावर बोट ठेवलं आणि विचारलं, हिचं काय झालं होतं?

त्यानं फोटोकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी त्याला कळलं नसतं. म्हणाला, ह्या इथल्याच, अकोल्याच्या. अमरावतीच्या एका बाईकडून फोटो आला होता. ह्यांच्या बाबांशी त्याचं बोलणं झालं होतं, तो स्वतः जिनिंगवर जाऊन भेटला होता. माणूस भला वाटला, चहा पाजला. आठ दिवसांनी निरोप आला, पोरगीच नाही म्हणते.

“पोरगी काय म्हणाली?” मी विचारलं.

“मले काया मातीत राबाचं नाही, म्हनली म्हने.” मग तो म्हणाला, “पन खरं बोलली. बाकीच्यायनं पत्रिका जुयत नाही म्हनून सांगतलं. हिनं खरं सांगतलं. तिच्यावर राग नाही माहा.”

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी नाही म्हटलं असं! मला कोणी विचारलंच नाही! पण सांगून काय करणार होते? याचं लग्न जमलेलं. ह्याच्यापाशी माझी एकच चांगली आठवण होती, की मी खरं बोलले, आणि ती माझी नव्हतीच. तो मला आवडला होता का, हा प्रश्नच नव्हता. त्याला मी धड पाहिलंही नव्हतं. पण माझ्या नावानं कोणीतरी एका भल्या माणसाच्या तोंडावर दार लावलं होतं, आणि मी त्या वेळी बहुतेक घरात बसून शेंगा सोलत असेन.

मिटवायचं त्याला स्वतःच करायचं होतं. मी शिकवलं, फोटोवर बोट दाबून धरा, हिरवी खूण येते. एकेकीवर तो अंगठा ठेवायचा. अंगठ्याला भेगा, काच कधी मानायची, कधी नाही. पुसून पुन्हा ठेवायचा. शेवटी माझ्या फोटोवर आला आणि खूण काही उमटेना. त्यानं फोन माझ्याकडं सरकवला, म्हणाला, तुमी करा. मी बोट ठेवलं. खूण आली. खाली फोननं विचारलं, नक्की मिटवायचं का? मी हो म्हटलं.

तो पैसे द्यायला लागला, मी घेतले नाहीत, ॲप फुकटच असतं. फोन पुन्हा रुमालात बांधून तो निघाला. दारात थांबून म्हणाला, आता मोकळं वाटलं. बरं झालं त्याचं. चाचा नमाजहून आले, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि काही न विचारता म्हणाले, “बेटी, घर जाओ.”

घरी आले तेव्हा बाबा कामावरून नुकतेच आले होते, ओट्यावर बसून पाय धूत होते. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले आणि विचारलं, तेल्हाऱ्याकडचा एक माणूस जिनिंगवर तुम्हाला भेटायला आला होता का? त्यांनी तांब्या खाली ठेवला. म्हणजे हो.

“मी नाही म्हटलं म्हणून सांगितलं तुम्ही. मी कधी म्हटलं?”

आई आतून आली आणि दारातच थांबली. बाबा माझ्यापेक्षा जास्त रागावतील असं मला वाटलं होतं, त्याची तयारी करूनच मी आले होते. पण ते रागावले नाहीत. पाय तसेच ओले, ते म्हणाले, “तुले पेपर वाचता येत नाही का? मी रोज वाचतो. रोज एखादा शेतकरी फास घेते, मांगं राह्यते कोनाची ना कोनाची पोरगी. मले तुले तशी पाहाची नव्हती.” आणि मग, “तो पोरगा चांगला होता. म्हून तं माह्या तोंडातून ‘नाही’ निघेना. तुह्या नावानं काढलं.”

सकाळी पान उलटताना ते माझ्याकडं का पाहत, ते मला तेव्हा कळलं. चहासाठी नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि त्याचा मला आणखीच राग आला. एवढं भांडायचं ठरवून यावं आणि समोरच्यानं भीतीच काढून पुढ्यात ठेवावी, मग माणसानं भांडावं कोणाशी? तरी मी बोलले. म्हटलं, “मले इचारलं असतं तं मी बी कदाचित नाहीच म्हटलं असतं, बाबा. पन ते माह्यं ‘नाही’ असतं.”

ओट्यावर त्यांचा फोन पडला होता. जुना टच फोन, मीच दुकानातून आणून दिलेला, त्यात तेच पोळीएवढ्या फोल्डरचं ॲप मीच टाकलेलं. आत्या आली की तिला बहिणीच्या पोराचे फोटो देता यावेत म्हणून ब्लूटूथही मीच शिकवलं होतं. मी फोन उचलला. कोणी अडवलं नाही. ब्लूटूथच्या फोल्डरमधली हिरव्या पातळातली बाई काढली. मेमरी कार्डातली काढली. एक कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये होती, बाबांनी स्टुडिओवाल्याच्या कॉम्प्युटरवरून पुन्हा काढलेली, तीही काढली. प्रत्येक वेळी फोन विचारायचा, नक्की? मी म्हणायचे, नक्की. मग म्हटलं, आत्याच्या फोनमधला रविवारी अमरावतीला जाऊन काढते. बाकी ज्यांच्याकडं असेल त्यांच्याकडं असो. यापुढं माझा फोटो माझ्याजवळ राहील. ज्याला पाहिजे त्यानं मला मागावा.

फोन त्यांच्या हातात दिला. बाबांनी दुपट्ट्याला हात पुसले, बाण दाबून ते एकेका फोल्डरमध्ये जाऊन आले. बोट त्यांचंही जाडच, पण त्या ॲपमध्ये चुकत नव्हतं. आधी मला वाटलं, तपासून राहिले. मग पाहिलं तर ते शोधत होते. नातवाचे फोटो होते, बहिणीचे होते, बैलजोडीचा होता, विकली तेव्हाचा. सगळं पाहून झाल्यावर त्यांनी फोन मांडीवर ठेवला.

“सगळेच काढले का व?” ते म्हणाले.

मी म्हटलं, सगळे.

आई दारातून म्हणाली, घरात या आता, लोक पाहून राहिले. कोणी हललं नाही. बाबा अंगणाकडं पाहत होते. मग माझ्याकडं न पाहताच त्यांनी फोन पुढं केला.

“एक देतं का बाई, मले? मलेच ठेवाले.”

आजपर्यंत माझा फोटो कोणीच माझ्याकडून मागितला नव्हता. बाबांनीही नाही. माझा राग काही गेला नाही, तो पुढं किती तरी दिवस राहिला. पण मी जाऊन त्यांच्याजवळ ओट्यावर बसले, त्यांच्या हातात फोन कसा धरायचा ते दाखवलं आणि समोर सरकले. सवयीनं माझा हात चश्म्याकडं गेला.

“काढू का?” मी विचारलं.

“राहू दे,” बाबा म्हणाले.